माणच्या तळ्यावरचा सत्कार

आमच्या घरात पक्षी पाहणं हे बिडी ओढण्यापेक्षा वाईट व्यसन समजलं जाई. बिडी ओढणारा निदान बांधावर बसून उसाकडं लक्ष तरी ठेवतो, असं वडिलांचं, म्हणजे आबांचं, म्हणणं. मी कोरेगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि दर रविवारी दुर्बीण घेऊन एसटीनं माण तालुक्यातल्या एका तळ्यावर जायचो. थोरला भाऊ, दादा, फौजेत. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो सुट्टीवर आला, तेव्हा आबा त्याच्या ताटात स्वतः तूप वाढत. मला त्यांनी तीस वर्षांत एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. याचं मला वाईट वाटे, आणि वाईट वाटतं याची लाजही वाटे.

त्याच सुट्टीत, फेब्रुवारीच्या शेवटी, तळ्यावर रोहित पक्षी उतरले. मी दोघांना म्हणालो, चला, दाखवतो.

"खायाचं असत्यात व्हय?" आबांनी विचारलं.

"न्हाई, बघायचं."

"मग कशाला?"

"जाऊया की आबा," दादा म्हणाला आणि लगेच ठरलं. (दादानं चंद्रावर जाऊया म्हटलं असतं, तरी आबांनी धोतर बदललं असतं.)

स्टँडपासून तळं तीन मैल, आणि आबांचे गुडघे धरलेले. बैलगाडी हवी होती. चित्रकलेच्या मास्तराला गाडी कोण देणार? म्हणून मी तिथल्या सरपंचांना कार्ड टाकलं: लढाईवरून आलेले माझे बंधू तळं पाहायला येत आहेत, गाडी पाठवावी. खाली रेघ ओढून लिहिलं, तळ्यावर पूर्ण शांतता राखावी. स्वतःच्या या हुशारीवर मी आठवडाभर खूश होतो.

गाडी आली. बैलांच्या शिंगांना गोंडे होते, तरी मला शंका आली नाही! तळ्यावर माणूस दिसत नव्हता. पाण्यात रोहितांचा थवा माना खाली घालून चरत होता. माझा ऊर भरून आला.

"आबा, त्या तिकडं बघा."

"थांब, चष्मा काढतो."

चष्मा बंडीतून निघाला, धोतराला पुसला गेला, एका कानाला अडकला. तेवढ्यात भरावाच्या मागून हलगी कडाडली. पाठोपाठ तुतारी, लेझीम, आणि दोन दणदणीत बार. लपून बसलेलं अख्खं गाव वर आलं. आबा गर्रकन तिकडं वळले आणि त्यांच्या पाठीमागं तो सगळा थवा उठला. गुलाबी पंखांनी आभाळ भरलं. ते पाहणारा मी एकटा.

"सरपंच, कार्डात शांतता लिहिली होती."

"तर वो. तुमी येस्तवर पोराला शिंकू दिलं न्हाई."

"पाखरं उडाली."

"येत्याल की उद्या. जवान रोज येतोय व्हय?"

दादाला फेटा, आबांना शाल, दोघांना नारळ. नारळ धरायला मी. आबांनी चक्क भाषण केलं. माझ्यावर ओरडण्याखेरीज त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

परतीच्या एसटीत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाबास रं. लय झ्याक बेत केलास. पाखरांचं निमित्त काढून भावाचा सत्कार घडवलास. तुला एवढी अक्कल आसंल आसं वाटलं न्हवतं."

दादा खिडकीबाहेर बघत होता. सरपंचांशी झालेलं माझं बोलणं ऐकल्यामुळं त्याला सगळं ठाऊक होतं. मी खरं सांगणार होतो, तोंडही उघडलं.

"आन व्हय रं," आबांनी विचारलं, "पाखरं हुती तरी का तितं?"

हात अजून खांद्यावरच होता. अख्खा थवा गिळून मी म्हणालो, "छ्या आबा, औंदा आलीच न्हाईत."