इरल्याखालची चूल

दुपारी जरा डोळा लागला की अजून मी महाडच्या त्या परसात जाते. फणसाची सावली असते, ओल्या मातीचा वास असतो आणि कारवीच्या कुडातून हळूहळू झिरपणारा निळा धूर असतो. धुराच्या पलीकडे आत्याबाई बसलेल्या. चेहरा नीट दिसत नाही, हातातली फुंकणी तेवढी दिसते. मग मेली कुकरची शिट्टी होते आणि मी चडफडत उठते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सारा जन्म कापडे गावाच्या वर, डोंगरातल्या वाडीत काढलेला. नवरा गेला आणि दिरांनी घराला कुलूप लावलं, तेव्हा मामंजी त्यांना एसटीत बसवून घेऊन आले. मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षीची ही गोष्ट, एकोणीसशे साठच्या आसपासची. आत्याबाईंनी येताना दोनच वस्तू आणल्या होत्या, एक लुगड्यांचं बोचकं आणि पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं. महाडच्या बाजारपेठेत इरलं घेऊन कोण कुठं लावणीला जाणार होतं, असं म्हणत सासूबाई हसल्या.

महिनाभर त्या आमच्यात जेवल्या. जेवल्या कसल्या, भात चिवडायच्या. एकदा मी भांडी घासताना जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ माजा देवमाणूस हाय गो. पन दुसऱ्याच्या चुलीवरचा घास तोंडात फिरत ऱ्हातो. माजी चूल हवी मला. मग आमटी खारट झाली तरी चालंल." हे सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला मात्र आत्याबाईंचं म्हणणं आतून पटलं. मीही नवीनच होते, आणि मीठ किती घालायचं हेसुद्धा मला विचारावं लागत होतं.

मामंजींनी परसात कारवीच्या कुडाच्या भिंती उभारून, वर कौलं घालून एक खोली बांधून दिली. परवानगी वगैरे काढायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपलं परस, आपली कौलं. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी तीन दगड मांडले, माती लिंपली आणि पेज शिजवली. ती पेज खाताना त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून त्या घरच्या झाल्या.

पण धूर निघायचा तो थेट शेजारच्या पडवीत. तिथं शेजारणीची सासू बसून असायची, दम्यानं वाकलेली. शेजारीण दोनदा सांगून गेली, आम्ही कानाआड केलं. मग तिनं नगरपालिकेत तक्रार दिली आणि ओव्हरसियर साहेब टेप घेऊन आले. कुंपणापासून कुडापर्यंत मोजलं, खोलीत डोकावले आणि चुलीपाशी थांबले.

"चूल आहे म्हणजे हे राहतं घर झालं," ते म्हणाले. "राहत्या घराला नकाशा लागतो, परवानगी लागते. आणि कुंपणाला इतकं चिकटून आहे, तर शेजाऱ्यांची संमतीही लागेल. चूल काढलीत तर ही अडगळीची खोली. मग आमचं काही म्हणणं नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण नवी नवरी मी, साहेबांसाठी चहा टाकायला आत गेले. मामंजींनी नगरपालिकेत दोन खेटे घातले. शेजारीण संमती द्यायला तयार नव्हती आणि मामंजींना भांडण नको होतं. शेवटी ते कबूल करून आले की चूल काढतो. निजणं खोलीत, जेवण आमच्यात. सगळे सुटल्यासारखे झाले. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं चूल मोडली आणि दगड उचलून फणसाखाली नेऊन मांडले.

"आभाळाला काय परवानगी लागत नाय ना रे साहेबाची?" एवढंच त्यांनी भावाला विचारलं.

फणसाखालच्या चुलीवर उन्हाळा निभावला. आषाढात मात्र सावित्री नदीवरून असं धुकं यायचं की परस, फणस, कुंपण सगळं त्यात विरघळून जायचं आणि वरून पाऊस कोसळत राहायचा. अशाच एका सकाळी मागचं दार उघडलं तर धुक्यात आत्याबाई बसलेल्या. इरलं त्यांच्या डोक्यावर नव्हतंच. ते चुलीवर धरलं होतं, एका हातानं. दुसऱ्या हातात फुंकणी. पाठीवरून, केसांवरून पाणी ओघळत होतं.

"आत्याबाई, आत या हो. मी देते शिजवून," मी म्हटलं.

"चूल इजंल गो," त्या म्हणाल्या.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा कुंपणापलीकडे शेजारची म्हातारी दिसली, पडवीत बसून बघत होती. ती खोकत नव्हती, नुसती बघत होती.

संध्याकाळी शेजारीण डोक्यावर घोंगडी घेऊन आमच्या दारात आली. "आमच्या सासूबाई सकाळपासून पेजेला शिवल्या नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, ती बाई तिकडे भिजते नि मी कोरडी बसून जेवू कशी? चूल खोलीतच, पण आमच्यापासून पलीकडच्या कुडाशी मांडा, वर धुराला वाट ठेवा. मी संमती देते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतके दिवस मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले होते!

नकाशा झाला. ओव्हरसियर पुन्हा येऊन मोजून गेले आणि श्रावणात परवानगी आली. आत्याबाईंनी पलीकडच्या कुडाशी चूल लिंपून घेतली. मी हौसेनं काड्यापेटी पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली, एक खापरी घेतली आणि कुंपणाला वळसा घालून त्या शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"इस्तव देता का वाईच?"

शेजारणीनं सासूकडे पाहिलं. म्हातारी भिंतीला धरून उठली, आपल्या चुलीपाशी खोकत खोकत वाकली आणि चिमट्यानं एक निखारा उचलून तिनं खापरीत ठेवला.

"काय शिजवनार आज?" तिनं विचारलं.

"पेज. तुमचीबी आनते."

त्या संध्याकाळी नव्या चुलीचा धूर वर गेला. थोडा वाट चुकून शेजारच्या पडवीतही गेला. म्हातारी खोकल्याचं मला ऐकू आलं. मग तिनं पडवीतूनच हाक मारून विचारलं, पेज झाली का.