बाईंचा मॉनिटर

“त्यात काय एवढं!” असं म्हणताना बाई उजवा हात असा झटकायच्या, की समोरच्याची अडचण म्हणजे नाकावर बसलेली माशीच. दाढ दुखत असो, नळाला पाणी नसो, नाहीतर कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलेलं असो, आधी हात झटकला जायचा आणि मग उपाय निघायचा. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांचा राग येतो, आणि अडचणीत पहिली आठवणही त्यांचीच येते.

दिल्लीतल्या आमच्या मराठी शाळेत त्या मला चौथीला होत्या. एकदा मधल्या सुट्टीत मी दहा पैशांचं नाणं गिळलं. ते तोंडात कशाला ठेवलं होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही. मी रडतोय, वर्ग ओरडतोय, आणि बाई फाटकाबाहेरच्या गाडीवरून अर्धा डझन केळी घेऊन आल्या. सहाच्या सहा खायला लावली. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं, तर मी ‘हजर’ म्हणायच्या आत त्यांनी भर वर्गात विचारलं, “निघालं का रे?” निघालं होतं. पुढे वर्षभर पोरं मला दुसरं काही विचारतच नव्हती.

पुढे मी केंद्राच्या एका मंत्रालयात चिकटलो, लग्न केलं, दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट घेतला आणि सामान चढवत असताना वरच्या जिन्यातून आवाज आला, “अरे, तो केळ्यांवाला का तू?” बाई निवृत्त होऊन आमच्याच डोक्यावर येऊन राहिल्या होत्या. बायकोला ती गोष्ट कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि एक पिवळा बोका. सोसायटीतल्या मराठी पोरांना त्या संध्याकाळी मराठी वाचायला शिकवायच्या, तेव्हा हा टेबलावर बसून एकेकाकडे बघायचा. म्हणून त्याचं नाव मॉनिटर. पोरं ‘अच्छा’ म्हणाली की बाई म्हणायच्या, “बरं म्हण. तो बघतोय.”

संक्रांत जवळ आली की बाईंच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. हलव्याचे दागिने दिल्लीत सहजी मिळत नाहीत. बाई घरी हलवा करायच्या, दोऱ्यात एकेक दाणा गाठवून माळा करायच्या आणि त्या काळ्या कापडावर सुईने टाचायच्या. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. द्वारकेपासून करोल बागेपर्यंत कितीतरी मराठी बाळांचं बोरन्हाण त्यांच्या दागिन्यांवर झालं. त्या वर्षी आमच्या मुलीची पहिली संक्रांत होती. बाई तिचा हार ओवत होत्या.

एका संध्याकाळी मी ऑफिसमधून परत येत होतो. बाई जिन्यात भेटल्या. “मॉनिटरने सुईदोरा गिळला रे. साखर लागलेली ना दोऱ्याला, चाटत बसला होता.”

मी दमलेलो होतो आणि विनोद समोर आयता पडला होता. पोटावर हात फिरवत म्हणालो, “केळी द्या, बाई. निघेल.”

त्याही हसल्या. “हो रे, त्यात काय एवढं!”

मला माझ्या त्या केळ्यांच्या वाक्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मी घरी होतो. दुपारी बाईंनी दार वाजवलं. कडेवर टॉवेलात गुंडाळलेला मॉनिटर. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ओठांच्या कडेला बोटभर काळा दोरा लोंबत होता. “खात नाही रे. केळं कुस्करून, साजूक तूप घालून चमच्याने भरवलं. रात्री भरवलं, सकाळी भरवलं. बाहेरच काढतोय सगळं. दोरा ओढून पाहिला, तर केवढ्याने ओरडला. तू ओढतोस का?”

माझा हात पुढे गेलाही होता. बायकोने तो धरला आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्याने बोलल्या की मलाही ऐकू आलं. “खींचिए मत! कुछ खिलाइए मत! जैसा है वैसा लेकर आइए, फ़ौरन!”

रिक्षात बाई टॉवेल सारखा करत राहिल्या. बोका त्यांच्या मांडीवर तोंड उघडं टाकून धापा टाकत होता.

एक्स-रेमध्ये सुई स्वच्छ दिसत होती. दोऱ्याचा वेढा जिभेखाली बसला होता आणि दुसऱ्या टोकाची सुई पार आतड्यात उतरली होती. “दोरा ओढला की आतडं चिरतं,” डॉक्टरीणबाईंनी हिंदीत समजावून सांगितलं. मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. “कुछ खिलाया था?”

“मैंने खिलाया,” बाई म्हणाल्या. “चम्मच से. केला और घी.”

जीभ अडकलेल्या मांजराला गिळता येत नाही. भरवलेलं थोडंथोडं फुफ्फुसात गेलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, दोन्ही हात पोटाशी धरून, गृहपाठ न केलेल्या मुलीसारख्या. मी म्हणायला हवं होतं की केळी माझी, सल्ला माझा. मी म्हणालो नाही.

ऑपरेशन झालं. सुई निघाली, दोराही निघाला. मॉनिटर मात्र तिसऱ्या दिवशी गेला, छातीतल्या त्या केळ्यातुपाने. बाई रोज भेटीच्या वेळी पिंजऱ्यापाशी स्टूल टाकून बसायच्या. काही करता येत नाही अशा जागी मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मलाही काही करता येत नव्हतं. मी चहा आणायचो आणि तो गार व्हायचा.

बोरन्हाण रद्द करू, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, “रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. लेकरावर कशाला राग?” दागिने त्यांनी पुरे केले.

पुढच्या रविवारी आमचं घर भरलं होतं. काळ्या झबल्यात, मुकुट-हार घालून मुलगी पाटावर बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले आणि पोरं वेचायला धावली. मुलीने हार उचलला आणि तोंडात घातला. घालणारच. सगळे कौतुकाने हसले.

बाईंनी झेप घेतली. “थुंक! थुंक म्हणते ना!” त्यांनी तिच्या तोंडात बोट घातलं, हार काढला आणि पिशवीतली कात्री काढून एकेक दागिना अंगावरून कापत सुटल्या. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट. मुलगी किंचाळत होती. बायको पुढे झाली, तिला मी थांबवलं आणि मुलीला उचलून तिच्याकडे दिलं.

पाहुणे हळूहळू आतल्या खोलीत गेले. बाई बोरांच्या सड्यात खाली बसल्या. हलव्याचे दाणे ओरबाडून टाकत त्यांनी सगळे दोरे मोकळे केले आणि मांडीवर शेजारी शेजारी मांडले.

“बघ रे,” त्या म्हणाल्या, “सगळे आहेत ना?”

किती होते ते मला काय माहीत! मी म्हटलं, “आहेत, बाई. सगळे आहेत.”

त्यांनी मान हलवली, आणि पहिल्या दोऱ्यापासून पुन्हा मोजायला लागल्या.