कमरेपर्यंत हिरवा रंग

आई जेवायची बंद झाली तेव्हा आम्हाला आंबिवलीला येऊन तीन आठवडे झालेले. वर्तकनगरची आमची बिल्डिंग पाडायला घेतली म्हणून भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. विसरायची ती आधीही, पण घर ओळखायची. इथं आल्यापासून पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसायची, पाहुणी आल्यासारखी. ताट पुढं केलं की म्हणायची, "नको. लोकाच्या घरी किती दिवस जेवायचं? मला घरी सोड." चहात बुडवून दोन बिस्किटं, बस्स. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

बायको सकाळी सातला कामाला जाते, माझी रात्रपाळी, त्यामुळं दिवसभर आई आणि मी. समजावलं, रागावलो, हात जोडले. ती भिंतीवरून तळवा फिरवायची आणि म्हणायची, "आमच्या भिंतीला रंग आहे."

आमच्या जुन्या घरात सगळ्या भिंती कमरेपर्यंत हिरव्या ऑइल पेंटच्या होत्या, वर पांढरा चुना. चुना अंगाला लागतो, ऑइल पेंट ओल्या फडक्यानं पुसता येतो, एवढाच त्यातला शहाणपणा. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीआधी वडील घर रंगवायला काढायचे आणि हिरवा तोच हवा म्हणून पेंटरशी वाद घालायचे. मला त्या रंगाची लाज वाटायची. कॉलेजचे मित्र म्हणायचे, तुझं घर सरकारी दवाखाना वाटतं.

तोच रंग आणायला दुकानात गेलो. दुकानदार हसला. "साहेब, हा आता संडासाच्या दाराला पण कोणी मारत नाही. घरात कशाला?"

"तुला विकायचाय की नाही ते सांग," मी बोललो. त्या माणसाचं काय चुकलं होतं? काही नाही. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरमालकाला विचारायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं.

मी आयुष्यात कधी भिंत रंगवलेली नाही. डबा उघडला आणि गुळगुळीत भिंतीवर तसाच ब्रश फिरवला. रंग धरेना, ओघळून फरशीवर आला. मग पुसला, पॉलिश पेपरनं भिंत घासली, प्रायमर लावला, तो वाळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची वाट बघितली. आईला वासाचा त्रास नको म्हणून आतल्या खोलीत खिडकीजवळ बसवलेलं. त्या दिवशी तिनं बिस्किटंही परत केली. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तो झोपलोच नाही. जुनी बनियन चढवली, डोक्याला रुमाल बांधला आणि बारापर्यंत हॉलची मोठी भिंत कमरेपर्यंत हिरवी केली.

आई कधी बाहेर आली कळलं नाही. ती भिंतीसमोर उभी होती. पिशवी हातात नव्हती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला पाहिला.

"खालचा कोपरा राहिलाय," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना तसं चालत नाही."

मला रडूच आलं. जमलं, मला वाटलं. तिला घर सापडलं. म्हटलं, "चल आई, जेवून घेऊ."

ती मागं सरकली. "मुलगा येऊ दे. तो आल्यावर जेवते मी."

"अगं, मीच आहे ना."

"काहीतरीच काय बोलता, पेंटर."

मी ओरडलो. रुमाल काढून फेकला, तिचे दोन्ही खांदे धरले, माझं तोंड तिच्या तोंडासमोर नेलं आणि म्हटलं, नीट बघ. ती थरथरायला लागली. तेव्हा सोडलं. बाथरूममध्ये जाऊन टर्पेंटाइननं हात कातडी चुरचुरेपर्यंत घासले, इस्त्रीचा शर्ट घातला, बाहेर जाऊन दार ओढलं आणि बेल वाजवली. पन्नाशीचा माणूस मी, आपल्याच दारात भांग पाडून उभा. आईनं दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय विसरलं का, पेंटर?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

"मग या. जेवून घ्या. उपाशी काम करू नका."

तिनं स्वतः दोन ताटं घेतली. दुसरं ताट पाहून मला आठवलं. वडिलांचा नियम होता, घरात कामाला आलेला माणूस एकटा जेवणार नाही, घरातलं कोणीतरी त्याच्यासोबत बसणार. वडील स्वतः बराच काळ बिगारी होते, लोकांच्या दारात वेगळ्या ताटात जेवले होते. वडील घरी नसले की आई बसायची.

ती माझ्यासमोर बसली. डाळीत भाकरी कुस्करली आणि खाल्ली. एक भाकरी, मग अर्धी. मी थांबलो असतो तर तीही थांबली असती, म्हणून मी गिळत राहिलो.

"अजून किती दिवसांचं काम आहे?" तिनं विचारलं.

"बरंच आहे, मावशी."

तेव्हापासून रोज कामावरून आलो की मी बनियन घालतो, रुमाल बांधतो, डबा उघडतो. बारा वाजता ती हाक मारते. माझा मुलगा फार कामात असतो, असं जेवताना सांगते, यायचा राहिलाय. मी म्हणतो, येईल. हॉल झाला, आतली खोली झाली, पॅसेज झाला. आता फक्त किचनची एक भिंत उरली आहे, आणि ती मी रोज वीतभरच रंगवतो.