आक्काचा पाय

माझी बहीण पायाकडून जन्मली. आमच्याकडं अशा माणसाला पायाळू म्हणतात आणि त्याच्या पायाला उसण उतरवायचा गुण असतो असं मानतात. पाठीत किंवा बरगडीत चमक निघून श्वास अडला की उसण भरली म्हणायचं आणि पायाळूला बोलवायचं. त्यानं दुखऱ्या जागी पाय लावायचा. मग रोग्यानं उठायचं आणि मागं वळून न बघता विहिरीपर्यंत चालत जायचं. विहीर गाठली की उसण तिथंच राहते. एवढाच उपचार.

पुढं मी सगळं आयुष्य हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्यात घालवलं, त्यावर लिहिलं, मोठमोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहून बोललो. पण आमच्या घरात वैद्यकीचं नाव होतं ते आक्काचं. मी नंतर आलो.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. ईट गावाला दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत विधवा होऊन ती माहेरी परत आली. आई त्याआधीच गेलेली. गावातल्या लग्नकार्यात तिला कुणी पुढं येऊ देत नसे, संक्रांतीला वाण घेऊन निघालेल्या बायका तिला बघून वाट बदलत. पण त्याच घरातल्या म्हाताऱ्याला उसण भरली की माणूस धावत यायचं, "आक्का, लौकर चला, बाबांचा जीव घाबरा झालाय." आक्का पाय धुऊन, पदर सारखा करून निघायची. तेव्हाची तिची चाल बघण्यासारखी असायची. भर गल्लीतून ताठ मानेनं जायला तिला हे एवढं एकच निमित्त होतं. मी मात्र थट्टा करायचो, "गावाला लाथा घालून वर मान मिळवणारी तूच एकटी." ती खूप हसायची.

आमचे वडील, दादा, शाळामास्तर होते. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूतून शिकवलं. पोलीस अॅक्शननंतर शाळा मराठी झाली, तेव्हा उतारवयाला लागलेल्या या माणसानं बाराखडीचे तक्ते स्वतः रंगवून भिंतीला लावले. तोंडातली 'हाजिरी' मात्र शेवटपर्यंत गेली नाही. मुलानं डॉक्टर व्हावं ही त्यांची एकच हौस होती. मी हैदराबादला डॉक्टरकी शिकत असतानाच ते गेले. तार मिळाली, निघालो, छोट्या रुळांच्या गाडीनं येडशी स्टेशनला उतरून घरी पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं.

आक्कानं सांगितलं ते असं. सकाळी शाळेला निघताना दादांच्या छातीत आणि डाव्या खांद्यात भरून आलं. ते स्वतःच म्हणाले, उसण भरलीय, पाय लाव. तिनं लावला. ते विहिरीपर्यंत जाऊन आले, घोंगडीवर पडले आणि पाणी मागता मागता गेले.

"तेवढंच आयुष्य व्हतं त्यांचं," आक्का म्हणाली.

मी मान हलवली. छातीतून खांद्यात उतरणारी कळ म्हणजे काय, हे मी नुकतंच वाचलं होतं. पण माणूस गेल्यावर त्याच्या लेकीला पुस्तक कशाला वाचून दाखवायचं?

मी हृदयाकडं वळलो तो या मृत्यूमुळं. शवविच्छेदनाच्या खोलीत रोज हृदयं समोर यायची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गव्हाच्या काडीएवढ्या असतात. त्या मी बारीक बारीक आडव्या कापत जायचो. निरोगी वाहिनी कोवळ्या गवारीसारखी सहज कापली जाते. रोगट वाहिनी पात्याखाली करकरते, भाकरीत खडा यावा तशी. प्रत्येक हृदयात मी दादांना शोधत होतो असं लिहिलं तर नाटकी वाटेल. वाटू दे, मी शोधत होतोच.

डॉक्टर झाल्यावर एका दिवाळीला गावी आलो होतो. सकाळीच पाटलांचा गडी आला, पाटलांना उसण भरली म्हणून. आक्का पाय धुऊन निघाली. आयता तमाशा बघायला मिळेल म्हणून मीही मागोमाग गेलो. पण पाटलांना बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. माणूस घामानं निथळत होता, तोंड राखेसारखं झालेलं, मूठ छातीवर दाबलेली. आक्का पदर खोचून पाय उचलणार, एवढ्यात मी तिचा दंड धरला.

"थांब. ही उसण नव्हे." आणि पाटलांना, त्यांच्या सगळ्या घराला, मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "यांना बाजेवरून हलवायचं नाही. उठून चार पावलं चालले तर जीव जाईल!"

बॅगेत मॉर्फिन होतं, ते टोचलं. तेव्हाच्या वैद्यकाला याहून जास्त येत नव्हतं. मॉर्फिन द्यायचं आणि आठवडेच्या आठवडे रोग्याला पाडून ठेवायचं. पाटील वाचले. मास्तराच्या पोरानं मरणाच्या दारातून माणूस ओढून आणला, असं गाव म्हणू लागलं आणि पारावर मला बसायला जागा मिळू लागली.

त्या दिवशी पाटलांच्या घरून परतताना आक्का मागं मागं राहत होती. आमच्या दारात आल्यावर म्हणाली, "पाटलांना झालं तेच दादांना झालं व्हतं."

"होय," मी म्हणालो.

"दादा म्हनले, जरा बसू दे गं. म्या म्हनलं, मागं बघू नका, चला विहिरीपत्तुर." दाराची कडी काढत ती म्हणाली, "म्या चालवलं त्यांना."

तुला काय ठाऊक होतं, तू मुद्दाम थोडंच केलंस, असं बरंच काही मी बोललो. ती ऐकून घेत होती, पण माझं खरं बोलणं तिनं पाटलांच्या बाजेपाशीच ऐकलं होतं.

त्यानंतर तिनं कुणालाही पाय लावला नाही. लोक आले, हातापाया पडले, काहींनी शिव्या दिल्या. भाऊ डॉक्टर झाला तशी माजली, असंही बोलले. हळूहळू बोलावणं यायचं थांबलं. मग तिला गल्लीतून ताठ मानेनं जायला काही कारणच उरलं नाही. पाणी भरायला जायची ती मान खाली घालून, भिंतीच्या कडेनं.

याची मला खंत आहे. एक जीव वाचवायला जे बोलणं भाग होतं, त्यानंच माझ्या बहिणीचं गावातलं जगणं संपलं. मी दुसरं काही बोलायला हवं होतं का? नाही. आज पुन्हा तोच प्रसंग आला तर तेच बोलेन. चूक असती तर माफी मागून मोकळा झालो असतो. इथं मागायची तरी कशाची?

पुढं मुंबईला संशोधनाला गेलो, तेव्हा हाच प्रश्न घेऊन गेलो, चालण्यानं माणूस मरतो का. बाहेर मी तो जड शब्दांत मांडायचो, मनात तो आक्काच्या बोलीत असायचा. मी पाहिलेली हृदयं एका सुरात बोलत नव्हती. कुणी बोट न हलवता बाजेवर गेलेला. कुणी दुसऱ्याच कशानं दगावलेला, त्याच्या हृदयावर जुन्या झटक्याचा भरलेला वण. त्याला कधीकाळी काही झालं होतं, हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. एवढं मात्र दिसत होतं की वाहिनी एका सकाळी बुजत नाही, वर्षानुवर्षं बुजत येते. शिवाय वैद्यकाचीही भाषा बदलू लागली. रोग्याला फार दिवस पाडून ठेवणं बरं नव्हे, लौकर उठवून खुर्चीत बसवावं, असं मोठे डॉक्टर म्हणू लागले. वरातीमागून घोडं ते हेच. तरी मला वाटलं, घोडं आलंय तर खरं, आक्काच्या दारात नेऊन उभं करू.

उन्हाळ्यात गावी गेलो. आक्का पडवीत सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. दादांची वाहिनी कितीतरी वर्षं बुजत आली असणार. पायाचा त्यात काही संबंध नाही. विहीर असो की बाज, व्हायचं ते झालंच असतं. मी इतकं सोपं करून कुठल्याच सभेत बोललो नव्हतो.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. निवडणारा हात थांबला होता.

"मंजी चालल्यानं काय व्हत न्हाय?"

"नाही होत," मी म्हणालो.

"लई शिकलास तू. तू म्हनतोस तर खरं आसंल." तिनं सूप खाली ठेवलं. "मग उद्या माझ्या छातीत तसं भरून आलं, तर मला चालवशील का विहिरीपत्तुर?"

होय म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढा एकच शब्द तिला हवा होता आणि तो ऐकायला ती माझ्याकडं बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचू लागली.