बबडी धाकटीकडेच का जाते

थोरलीच्या संशयाला औषध नव्हतं. दूधवाल्यानं माप नीट घातलं, तरी आज का बरं नीट घातलं, म्हणून ती दूध हुंगून पाहायची. मत्स्यालयातल्या सीलला, बबडीला, तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. धाकट्या जावेला तिथं कामाला लावलं तेही तिनंच.

आणि आता बबडी थोरलीकडे ढुंकून पाहीना! ती बादली घेऊन काठावर आली की बबडी फुत्कारून बुडी मारायची. धाकटी आली की मात्र हजर. साहेबांनी सांगूनच टाकलं, "शनिवारी तुमच्या हातून खाल्लं नाही, तर तुम्हाला तिकीट-खिडकीवर बसवतो."

"हिनंच फितवलीये!" झालं, थोरलीनं जावेशी बोलणं टाकलं. तिची बादली तपासली, डबा चाचपला, खांबाआड उभं राहून पाळत ठेवली. चोर सावध व्हायला नको म्हणून काठावरही ब्र काढीना. हाती काहीच लागलं नाही, म्हणून तर संशय आणखी पक्का झाला.

शेवटी तिनं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. "धाकटी काय चारते, तेवढं बघा."

"हे मंद निळे दिवे कधी लावले?" बाईंनी विचारलं.

"महिना झाला. लोकांना म्हणे समुद्रात शिरल्यासारखं वाटावं."

"मग बरोबर. बबडीच्या डोळ्यातलं भिंग गोटीसारखं गोल, पाण्यात बघण्यासाठी घडलेलं. पाण्याबाहेर सगळं पुसट. लख्ख उजेडात बाहुली आवळून बारीक भोक उरतं, म्हणून त्यातून स्पष्ट दिसतं. अंधुक उजेडात बाहुली मोठी होते, आणि तुम्ही म्हणजे नुसता डाग."

"मग धाकटी बरी दिसते!"

"दिसत नाही हो, ऐकू येते. केवढी बडबडते ती!"

थोरलीचा चेहरा उतरला. दिवे बदलले तेव्हा तिचा घसा बसला होता. तो सुटेपर्यंत पाळत सुरू झाली, आणि पूर्वी बबडीशी दिवसभर गप्पा मारणारी ही बाई मुकीच राहिली.

शनिवारी साहेबांसमोर ती काठावर बसली. "कुठं उलथली होतीस गं मेले? किती दिवस असं तोंड फिरवून बसशील?"

पाणी हललं. मिशा वर आल्या, आणि बबडीनं तिच्या हातातला मासा अलगद घेतला.

मागच्या दारातून धाकटीचा रडवेला आवाज आला, "ताई, मी नाही हो तोंड फिरवलं."