चाळीस सरकारी पिशव्या

रंगुबाई रोज सकाळी गोफण खांद्यावर टाकून ज्वारीच्या चाळीस ताटांना हात लावून यायची. त्यांच्या कणसांवर कागदी पिशव्या बांधलेल्या असत. "दोन इसा भरल्या, साहेब. समद्या हायेत," असं विसाविसांनी मोजून माझ्या मामांना सांगितल्यावरच ती चूळ भरायची.

मामा, नृसिंह क्षीरसागर, शेवगावजवळच्या सरकारी ज्वारी-केंद्रावर संशोधक होते. केंद्र म्हणजे आठ एकर रान, पत्र्याची एक खोली आणि रोजंदारीवरची रंगुबाई. कमी पाण्यावर तग धरणारं वाण काढायची पाच वर्षांची योजना होती. दरवर्षी चांगली ताटं निवडायची, भलते परागकण लागू नयेत म्हणून कणसांवर पिशव्या चढवायच्या आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं. जास्तीचं बी ठेवायला पत्र्याची कोठी मिळावी, हा मामांचा अर्ज तीन वर्षं पुण्यात पडून होता. तोवर ते बी सोंडकिड्यांनी संपवलं. थोडक्यात, पाच वर्षांचं जे काही होतं ते त्या चाळीस पिशव्यांत होतं.

बाहत्तरच्या जानेवारीत समिती यायची ठरली. योजना चालवायची की गुंडाळायची, हे ती ठरवणार होती. मामा सकाळी जीप घेऊन पाहुण्यांना आणायला नगरला निघाले. जाताना म्हणाले, "रंगुबाई, मोठी माणसं आहेत. काही कमी पडायला नको."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

थंडीच्या दिवसांत पाहुणा रानात आला आणि हुरडा न खाता गेला, असं रंगुबाईच्या घराण्यात कधी घडलेलं नव्हतं. तिनं आगटी पेटवली, लसणाची चटणी वाटली आणि कणसं आणायला निघाली. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. भोवतालची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली होती. हिरवी, टपोरी, दुधाळ कणसं फक्त एका पट्ट्यात होती, आणि पिशव्यांमुळे त्यांना चिमणीची चोचही लागलेली नव्हती.

समिती आली. पाच जण, पाचही धुळीनं माखलेले आणि वैतागलेले. हुरड्याची पहिली मूठ पोटात गेल्यावर चेहरे सैलावले.

"क्षीरसागर," अध्यक्ष तळहातावर फुंकर मारत म्हणाले, "पाच वर्षं सरकारनं खर्च केला. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं? बाई, चटणी द्या थोडी. मला तरी यात काही दम दिसत नाही. हुरडा मात्र फक्कड आहे. चला, तुमचं ते वाण दाखवा."

मामा पुढे आणि समिती मागे. पट्ट्यात मुंडकी उडालेली ताटं उभी होती. मागून रंगुबाई घड्या घातलेल्या पिशव्यांची चळत घेऊन आली.

"ह्या घ्या साहेब. सरकारी हायेत, एक फाटू दिली न्हाई."

मामा बांधावर बसले. "रंगुबाई, कणसं?"

"खाल्ली की तुमी. सरकारची जवारी, सरकारच आलं खायाला. न्हाईतर पाच वर्सं मी राखली कुनासाठी?"

अध्यक्षांच्या हातात अजून एक मूठ होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. "म्हणजे आम्ही आत्ता..."

"योजना खाल्ली, साहेब," मामा म्हणाले. वरिष्ठांशी इतकं खरं आपण पुन्हा कधी बोललो नाही, असं ते सांगत.

मग त्यांनी सवयीनं पिशव्या मोजल्या. पस्तीस भरल्या.

"पाच कुठायत?"

"त्या काय, पल्याडच्या बांधाकडं. पाच पांडवांची कनसं. देवाचं ठेवल्याबिगर पाहुन्यांला वाढीन व्हय मी?"

चहूकडच्या पिवळ्या रानात ती पाच ताटं हिरवीगार उभी होती. अध्यक्ष त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मूठ अजून मिटलेलीच होती. जीपमध्ये बसून त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ लिहिली आणि शेऱ्यात 'चव उत्तम' असं नोंदवलं. कोठी पंधरा दिवसांत आली.

पुढच्या हिवाळ्यात दुष्काळानं सगळी रानं उघडी पाडली. खडी फोडायला निघालेली माणसं केंद्राच्या बांधावर थांबायची आणि त्या एका पट्ट्यातल्या दाण्यांकडे नुसती बघत राहायची. आज ते वाण कित्येक गावांत पेरलं जातं. कागदावर त्याला लांबलचक नंबर आहे. लोक त्याला पांडवी म्हणतात. अहवालात मामांनी रंगुबाईचं नाव घातलं होतं. रोजंदारीच्या माणसांसाठी रकाना नाही म्हणून ते वरच्या कचेरीत खोडलं गेलं.

चौऱ्याहत्तरच्या पौषात, समिती पुन्हा यायच्या आदल्या दुपारी, रंगुबाई बाभळीखाली जरा आडवी झाली ती उठलीच नाही. त्या सकाळी मात्र ती नेहमीसारखी पिशव्यांना हात लावून आली होती.

"समद्या हायेत, साहेब. उद्या पाहुन्यांला बिनपिशवीचीच कनसं देते मी. पर लसून संपलाय, शेवगावावरनं येताना तेवढा आना."