माया कंडक्टर वळायला शिकते

माया कासारे बसमध्ये कधी पडली नाही, हा तिचा लौकिक, आणि पुढे जे रामायण झालं त्याचं मूळही तेच.

वीसेक वर्षं तिने कंडक्टरकी केली. एक हात तिकिटाच्या मशीनवर, दुसरा सुट्ट्या पैशांच्या बॅगेत, आणि ड्रायव्हरने कुत्र्याला वाचवायला करकचून ब्रेक मारला तरी बाई जागची हलणार नाही. उभे प्रवासी एकमेकांच्या अंगावर, बसलेल्यांची कपाळं पुढच्या दांडीवर, आणि माया विचारतेय, "बोला, कुठून?" डेपोतली नवी पोरं तिचं उभं राहणं बघायला मुद्दाम तिच्या बसने यायची. बाईला याचा माज होता. असू दे की. माज करण्यासारखं दुसरं काही तिला कुणी दिलंच नव्हतं.

लाटेवर फळी घालून उभं राहायचा नसता उद्योग तिच्या मागे लागला तो शेफालीमुळे. शेफाली वरळी कोळीवाड्यातली, चोविशीची. दक्षिणेत कुठेतरी जाऊन सर्फिंग शिकून आली आणि कोळीवाड्यामागच्या खडकाळ किनाऱ्यावर दर रविवारी चार टाळक्यांना शिकवायला लागली. एकदा ती आपल्याहून उंच बोर्ड घेऊन मायाच्या बसमध्ये चढली.

"ए, दरवाजा कोणाचा काढून आणलास?" माया म्हणाली.

"ताई, सर्फबोर्ड आहे तो."

"असेल. लगेजचं तिकीट पडेल. आणि कोणाच्या डोळ्यात गेला ना, तर तुला आणि त्याला दोघांना उतरवीन."

पुढच्याच सिग्नलला एक स्कूटर आडवी आली. शेफाली बोर्डासकट घरंगळत पुढच्या दारापाशी जाऊन पडली. खालून वर बघते, तर सगळी बस कोलमडलेली आणि कंडक्टरबाई सुटे मोजतायत. अंगावरची धूळही न झटकता तिने विचारलं, "ताई, तुला पोहता येतं का गं?"

येत होतं. गिरणीत कामाला असलेल्या बाबुरावांनी आपल्या लेकीला लहानपणीच दादरला तरणतलावात घातली होती. कारण एवढंच, की परळच्या चाळीतलं कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं होतं, पोरींना हे शोभत नाही. बाबुराव तसे शांत माणूस, पण कुणी 'शोभत नाही' म्हटलं की ते करून दाखवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. हा गुण लेकीत पुरेपूर उतरला होता.

त्यामुळे पुढच्या रविवारी माया चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा निळा टी-शर्ट आणि लेगिंग घालून समुद्रात उभी होती. नारळी पौर्णिमा आणि गणपती होऊन गेले होते, पाण्यात निर्माल्य, झेंडूच्या माळा आणि एक चप्पल तरंगत होती. शेफालीने बोर्ड मागून ढकलला, "ऊठ!" म्हणून ओरडली, आणि माया उठली. नुसती उठली नाही, किनाऱ्याची वाळू लागेपर्यंत उभी राहिली. लोअर परळच्या ऑफिसांतली पोरं महिनोन्‌महिने त्याच पाण्यात बुचकळ्या मारत होती, ती गळ्याएवढ्या पाण्यात आ वासून बघत राहिली.

"हे तर आमच्या बसपेक्षा मऊ चालतं," माया म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती रविवारची झाली.

चाळीत चर्चा झाली. होणारच, चाळीत कुणी नवा झाडू आणला तरी होते. शेजारच्या खोलीतली नलू म्हणाली, रविवारी विहारात वंदनेला दिसत नाहीस हल्ली. माया म्हणाली, "संध्याकाळी येते ना. आणि पंचशील पाठ आहे मला, त्यात लाटेवर उभं राहू नये असं कुठे नाही." नवरा राकेश इस्पितळात वॉर्डबॉय होता आणि जन्मभर दुसऱ्यांची मोडलेली हाडं ढकलत आलेला होता. तो एवढंच म्हणाला, "पडशील तेव्हा आमच्याकडेच ये. लिफ्टजवळची खाट देतो."

पण पडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न वळण्याचा होता.

माया सरळ जायची. लाट उजवीकडे फुटो, डावीकडे फुटो, बाई नाकासमोर. शेफालीने घसा कोरडा करून सांगितलं: आधी नजर, जिथे जायचंय तिथे. मग खांदा, मग कंबर, मग मागच्या पायावर भार. बोर्डाची कड पाण्यात रुतली की तो आपोआप वळतो. माया मान डोलवायची, लाटेवर चढायची आणि सरळ किनाऱ्याला लागायची. पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय दोष कधी बोर्डाचा, कधी वाऱ्याचा, एकदा तर पायात अडकलेल्या झेंडूच्या माळेचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच, फक्त अंगणाच्या जागी अरबी समुद्र.

शेवटी शेफालीने तिला घरी सरावाला चाकांची फळी दिली. माया चाळीच्या गॅलरीत तिच्यावर उभी राहिली, जिन्यापाशी वळायचं ठरवून निघाली आणि नलूच्या पाण्याच्या पिंपात सरळ जाऊन धडकली. पिंप आडवं झालं, पाणी जिन्यावरून खाली गेलं, आणि माया फळीवर उभीच. नलू जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग जाळ्याचा प्रकार झाला.

लाट जिथे उठायची, तिथून सरळ किनाऱ्याकडे त्या आठवड्यात काशीबाईने जाळं लावलं होतं, उथळ पाण्यात बांबू रोवून. उजवीकडे मोकळं पाणी. काशीबाई म्हणजे शेफालीची आत्या. साठी उलटलेली, मासळी बाजारात जिचा आवाज ऐकून गिऱ्हाईक घासाघीस विसरतं अशी. बाकीची पोरं जाळ्यापर्यंत पोचायच्या आधीच पडायची म्हणून प्रश्न येत नव्हता. माया पडत नव्हती आणि वळतही नव्हती. त्या रविवारी चांगली कमरेएवढी लाट आली, मायाने ती पकडली, आणि ताठ मानेने, डौलात, काशीबाईच्या जाळ्यातून आरपार गेली. दोन बांबू उपटले, जाळं उभं फाटलं.

काशीबाई खडकावरून खाली उतरली. मायाने माफी मागितली, भरपाईचं बोलली. काशीबाईने हात झटकला.

"पैसं नको मना. तुला वलता येत नय, त पान्यान येव नको. बोट असो नय त फली, जिला वलता येत नय ती इथं चालत नय."

"आत्या, शिकतेय ती," शेफाली मध्ये पडली.

"मंग येत्या रयवारी माज्या म्होरं दाखव. वललीस त हाय, नय त पुन्ना या किनाऱ्याला दिसायचं नय. आनि आता हितं बस, धर हे टोक."

मायाने दुपारपर्यंत जाळ्याचं टोक धरलं आणि काशीबाई गाठी मारत राहिली.

घरी आल्यावर माया जेवली नाही. राकेश म्हणाला, "सोड ना यार, समुद्र गेला तर गेला." तेव्हा ती अशी काही भडकली की तोच चकित झाला. तिला ते पाणी हवं होतं. बाकी आठवडा तिला सगळं ठरवून मिळायचं: रूट, ड्युटी, पाळी, कुठे थांबायचं, कुठे नाही. लग्न बाबुरावांनी ठरवलं, नोकरी भरतीच्या जाहिरातीने, स्वयंपाकाची वेळ नळाने. त्या किनाऱ्यावर तिला कुणी रूटची पाटी लावलेली नव्हती. आणि तिथूनही आता हाकलणार, तेही वळता येत नाही म्हणून. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

बुधवारी दुपारी बस वरळी नाक्याला वळत होती. ड्रायव्हर अप्पा जुना माणूस, स्टिअरिंग असं फिरवायचा की बसमधली म्हातारी माणसं देवाचं नाव घेत. माया उभी होती, नेहमीसारखीच. आणि पहिल्यांदाच तिने आपल्याकडे लक्ष दिलं.

अप्पाने चाक फिरवलं की तिचे गुडघे आपोआप सैल व्हायचे, टाचा रुतायच्या, पाठ ताठ व्हायची, आणि नजर समोरच्या माणसाच्या हातातल्या नोटेवरून हलायची नाही. बस वळायची, माया वळायची नाही. वळण पायातून वर चढायचं आणि कमरेपाशी येऊन मरायचं. ती ते गिळून टाकायची. म्हणूनच पडत नव्हती.

"आयला," माया मोठ्याने म्हणाली. समोरच्या प्रवाशाला वाटलं नोट फाटकी आहे.

म्हणजे बोर्ड बिचारा वळायला बघत होता. लाट वळवत होती. आणि ही वरून इमानेइतबारे प्रत्येक वळण गिळत होती, कारण वीस वर्षं वळायचं काम अप्पाचं आणि उभं राहायचं काम तिचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

पुढचं वळण आलं तेव्हा तिने ठरवून अंग सैल सोडलं. नजर खिडकीबाहेर, जिकडे बस वळणार तिकडे, खांदा तिकडे. परिणाम असा झाला की माया कासारे, जिला बघायला पोरं यायची, ती एका जाडजूड गृहस्थाच्या मांडीवर बसली. तिकिटाची मशीन त्यांच्या टिफिनवर.

अप्पाने आरशातून बघितलं. "माया, बरं नाय वाटत का?"

"एकदम मस्त वाटतंय," माया त्या मांडीवरून म्हणाली. "पुढचं पण असंच जोरात घे."

उरलेला आठवडा ती बसमध्ये पडत राहिली. डेपोत बोभाटा झाला की बाईला चक्कर येते. कुणी लिंबू दिलं, कुणी डॉक्टरचा पत्ता. तिची एवढ्या वर्षांची अब्रू त्या आठवड्यात रस्त्यावर आली, आणि तिला लाज वाटली, खोटं कशाला सांगा. पण शनिवारपर्यंत एक फरक पडला होता. वळण आलं की ती पडायच्या आधीच त्याच्यासोबत निघायची, दांडीला हात न लावता.

रविवारी काशीबाई खडकावर आली, मांडी घालून बसली. जाळं नव्याने लावलेलं होतं. राकेशही आला होता. म्हणाला, इस्पितळात आधीच सांगून ठेवलंय.

पहिली लाट मायाने सोडली. दुसरीसुद्धा. शेफाली ओरडली, "ताई, बसची वाट बघतेस का?" तिसरी उठली तेव्हा मायाने हात मारले, बोर्ड उचलला गेला, ती उभी राहिली. समोर ते बांबू. टाचा रुतायला लागल्या, पाठ ताठ झाली, डोळे जाळ्यावर खिळले. गेलं सगळं, असं तिला वाटलं. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी घातली आणि मान उजवीकडे फिरवली. मोकळ्या पाण्याकडे बघितलं. खांदा गेला, कंबर गेली, आणि पायाखालून वळण वर आलं. या वेळी तिने ते गिळलं नाही, येऊ दिलं.

बोर्ड वळला. कड पाण्यात रुतली, फेस उडाला, बांबू डाव्या बाजूने मागे गेले, आणि माया लाटेच्या भिंतीला लागून आडवी सरकत निघाली. किनारा आता समोर नव्हता, कडेला होता. इतकी वर्षं मुंबई ती फक्त समोरून बघत आली होती. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं, तशी ती ओरडलीसुद्धा, काहीतरी अर्थ नसलेलं. पुढे काय करायचं हे शेफालीने शिकवलंच नव्हतं, म्हणून ती वळतच राहिली आणि शेवटी बोर्डासकट उलटी समुद्राकडे तोंड करून पाण्यात कोसळली.

नाकातोंडातून पाणी काढत ती बाहेर आली. शेफाली उड्या मारत होती, राकेश शिट्टी वाजवत होता. माया थेट खडकापाशी गेली.

"बघितलंत मावशी?"

"नय," काशीबाई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"मी जाल्याकरंच बगत व्हते. जाला शाबूत हाय. म्हंजे वललीस तू."

आयुष्यात एकदाच स्वतःहून वळली, आणि जिच्यासाठी वळली ती म्हातारी बांबू मोजत बसलेली! भांडायला तिने तोंड उघडलं आणि त्याऐवजी ती हमसून हमसून रडायला लागली, सगळ्यांसमोर, नाक पुसायचंही भान नाही.

"रडतंस कनाला गो?" काशीबाई म्हणाली. "जा परत. आता बगते."

माया बोर्ड ओढत पाण्यात शिरली. पुढची लाट उठताना तिने एकदा मागे पाहिलं. काशीबाई खडकावर फिरून बसली होती, जाळ्याकडे पाठ आणि मोकळ्या पाण्याकडे तोंड करून.